तपकिरी झालेली बाग : अठराव्या शतकातलं शाईचं उद्यानचित्र कसं पाहायचं, कसं जपायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नात्यातल्या घरून एक जुनं चित्र तुमच्याकडे आलं आहे. वहीच्या दोन पानांएवढा कागद, तपकिरी शाई, दोन्ही अंगांना उंच झाडं, मधून वर जाणाऱ्या दगडी पायऱ्या आणि पायऱ्यांवर निवांत बसलेली दोन-तीन माणसं. पाठीमागे पेन्सिलीने ‘रोम, १७६०, सेपिया’ असं लिहिलेलं. हे खरंच त्या काळचं असेल का, तपकिरी रंग मुळचाच का आणि मुंबईच्या पावसाळ्यात त्यावर उमटलेले ठिपके घालवता येतील का, असं तुम्ही विचारता.

मी कागदावरच्या चित्रांचं संवर्धन करते. फोटो बघून ‘अस्सल’ किंवा ‘नक्कल’ असा निकाल कुणीच देऊ नये, मीही देणार नाही. पण चित्र समोर ठेवून, खिडकीजवळ बसून, दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून तुम्हाला स्वतःला पुष्कळ कळेल. माझं मुख्य म्हणणं आधीच सांगते. अशा चित्रातली जी शांत, मावळतीची तपकिरी कळा आपल्याला भुरळ घालते, तिच्यात काळाचा वाटा मोठा आहे. चित्रकाराने काढली तेव्हा ती बाग बहुधा लख्ख उन्हातली होती. हे एकदा ध्यानात आलं की चित्र कसं पाहायचं हेही बदलतं आणि त्याला काय करायचं नाही हेही कळतं.

विषयापासून सुरुवात करू, कारण विषय त्या काळाशी जुळतो. १७५१ साली शार्ल-जोसेफ नात्वार हा चित्रकार रोममधल्या फ्रेंच अकादमीचा संचालक झाला आणि १७७५ पर्यंत त्या पदावर राहिला. पुतळे आणि भित्तिचित्रं यांच्या नकला करण्यात बुडालेल्या विद्यार्थ्यांना त्याने बाहेर, उघड्यावर बसून चित्रं काढायची गोडी लावली. युबेर रोबेर हा तरुण फ्रेंच चित्रकार १७५४ मध्ये रोमला आला, फ्रागोनार हा दुसरा १७५६ मध्ये. ही मंडळी ज्या बागांत बसत, त्या कार्डिनलांच्या, म्हणजे चर्चच्या बड्या धर्माधिकाऱ्यांच्या, आणि सरदार घराण्यांच्या मालकीच्या होत्या, पण पाहुण्यांना आणि प्रवाशांना तिथे फिरू देण्याची वहिवाट होती. रोममधल्या व्हिला बोर्गेझेच्या बागेत तर लॅटिनमध्ये कोरलेली पाटीच होती. तिचा आशय असा : तू कुणीही अस, इथे कायद्याच्या बेड्यांचं भय बाळगू नकोस, हवं तिथे जा, हवं ते तोड, हवं तेव्हा परत जा, हे सारं मालकापेक्षा परक्यांसाठीच केलेलं आहे. ती बाग सरकारने १९०१ मध्ये विकत घेतली आणि १९०३ मध्ये रोम शहराच्या हवाली केली. म्हणजे कागदोपत्री सार्वजनिक व्हायच्या कितीतरी आधीपासून ती लोकांच्या पायाखालची होती.

रोमजवळच्या तिवोली गावातल्या व्हिला देस्ते या बागेची गोष्ट आणखी बोलकी आहे. ती वारशाने मोदेनाच्या एस्ते घराण्याकडे गेली होती आणि अठराव्या शतकात तिच्याकडे कुणी नीट बघत नव्हतं. कारंजी थकली होती, पुतळे विकले जात होते, सुरूची झाडं कात्री न लागल्यामुळे आभाळाला टेकली होती. १७६० च्या उन्हाळ्यात आबे द सें-नों हा कलाप्रेमी आणि हौशी कोरीवकार तिथे मुक्कामाला राहिला आणि फ्रागोनारला सोबत घेऊन गेला. त्या मुक्कामातली लाल खडूची मोठी चित्रं आज फ्रान्समधल्या बेझाँसोंच्या संग्रहालयात आहेत. त्यांतली शांतता माळ्याने राखलेली नाही. दुर्लक्षामुळे झाडं माजली आणि माणसं त्यांच्या सावलीत बोटभर झाली, तिथून ती आली आहे. तुमच्या चित्रातही झाडं पायऱ्यांवर झुकली आहेत आणि माणसं अगदी लहान आहेत. १७६० च्या रोमची ही ओळखीची ठेवण आहे. मात्र ही ठेवण इतकी आवडली की विद्यार्थ्यांनी, हौशी प्रवाशांनी आणि पुढच्या पिढ्यांनी ती भरपूर गिरवली. तेव्हा विषय जुळला म्हणून काळ ठरत नाही.

आता शाई आणि कागद. नात्वारने १७६२ मध्ये रोमजवळच्या फ्रास्कातीच्या व्हिला आल्दोब्रांदिनीचा पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारा धबधबा चितारला. ते चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याच्या साहित्याचं वर्णन वाचण्यासारखं आहे : खाली काळ्या आणि लाल खडूचं रेखाटन, वर तपकिरी शाईची लेखणी, तपकिरी आणि करडे वॉश (पाण्याने पातळ करून कुंचल्याने फिरवलेला रंग), पांढऱ्याचे उजळ स्पर्श, आणि कागद ‘फिका पडलेला निळा’. कागद निळा होता, हे ध्यानात ठेवा. त्याच्याकडे परत येते.

त्या काळी लेखणीसाठी सर्वात जास्त चालणारी शाई मायफळ आणि हिराकस यांची. ओकच्या झाडावर एक बारीक गांधीलमाशी अंडी घालते तेव्हा जी टणक गाठ येते ते मायफळ. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात आजही मिळतं. मायफळाच्या काढ्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं, वर डिंक घातला, की शाई तयार. ही शाई कागदावर टेकवताना फिकट दिसते आणि हवा लागून काही तासांत काळी होते. नीट बनवलेली शाई निळसर काळी, चांगली गडद असते. काळाच्या ओघात तो काळा रंग मोडत जातो आणि तपकिरी उरतो, विशेषतः हिराकस गरजेपेक्षा जास्त पडली असेल तेव्हा. त्याच दशकांतली आपली मोडी कागदपत्रं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना फरक लगेच कळेल. काजळ आणि डिंकाच्या शाईने बोरूने लिहिलेली अक्षरं अजून काळीभोर आहेत. काजळ म्हणजे शुद्ध कार्बन, तो बदलत नाही. युरोपातल्या या रेषा मात्र बदलल्या.

वॉशसाठी बहुधा ‘बिस्त्र’ नावाचा रंग वापरत. जळत्या लाकडाच्या, विशेषतः बीच झाडाच्या, धुराड्यात जमणारी चिकट काजळी पाण्यात उकळून, गाळून केलेला हा रंग. तो पहिल्या दिवसापासून तपकिरीच असतो. आता दोन्ही एका कागदावर आणून बघा. काढलं त्या आठवड्यात रेषा काळ्या होत्या आणि सावल्या उबदार तपकिरी. रेषा वेगळी उठून दिसत होती, सावली वेगळी. आज रेषाही तपकिरी झाली, म्हणून दोन्ही एकमेकांत विरघळल्यासारखी दिसतात. या विरघळण्याला आपण ‘मृदूपणा’ म्हणतो आणि त्याचं श्रेय चित्रकाराला देऊन मोकळे होतो.

निळ्या कागदाने तर यापेक्षा मोठा उलटफेर केला आहे. हा कागद निळ्या चिंध्यांपासून बनत असे, आणि चिंध्यांतला निळा रंग नीळ किंवा तिच्यासारख्या वनस्पतीचा. उजेडाने तो उडतो. निळा कागद निवडण्यामागचा हिशोब सोपा होता : कागद स्वतःच मधली छटा देतो, शाईने फक्त अंधार काढायचा आणि पांढऱ्याने फक्त ऊन. झाडाखालची थंड हवा आयती मिळते. पायरीच्या कडेवर पांढऱ्याची एक बारीक रेघ ओढली की तिथे दुपार होते. निळा उडून कागद बदामी झाला की पांढरं त्यात जवळजवळ बुडून जातं. त्यातून ते पांढरं शिशाचं असेल आणि हवेतल्या गंधकाच्या वायूने काळवंडलं असेल, तर पायरीची जी कड उन्हात चमकत होती तिथे आज काळपट रेघ दिसते. ऊन होतं तिथे सावली आली. अशी चित्रं समोर येतात तेव्हा मला मनापासून हळहळ वाटते, कारण आता पाहणाऱ्याला बाग संध्याकाळची वाटते आणि त्यात त्याची काहीच चूक नसते.

तुमच्या चित्राचा कागद मुळात निळा होता का, हे शोधणं सोपं आहे. जुन्या माउंटच्या, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीच्या, खिडकीखाली जी कड झाकलेली राहिली असेल ती पाहा. तिथे उजेड पोचलेला नसतो. माउंट ओढून काढू नका, फक्त जिथे तो सुटलेला असेल तिथे डोकावा. कड निळसर किंवा हिरवट-करडी दिसली तर उत्तर मिळालं. कागद मुळात पांढरा असेल, तर त्यात ऊन कुठून येतं तेही पाहा. जिथे चित्रकाराने काहीच केलेलं नाही तिथून. पायरीचा वरचा तळ कोरा, माणसाच्या खांद्याची कड कोरी, पाण्याची पट्टी कोरी. कसलेल्या हाताचं चित्र त्याने कोऱ्या सोडलेल्या जागांवरून ओळखावं, असं मी शिकाऊ मुलांना सांगते. शांतता तिथेच असते. म्हणून कागद पिवळा पडला की फक्त पार्श्वभूमी मळते असं नव्हे, बागेतला प्रहर बदलतो.

आता भिंग घ्या आणि झाडाच्या एका फांदीवर धरा. पिसाच्या लेखणीला चिरलेलं टोक असतं. दाब पडला की दोन्ही पाकळ्या फाकतात आणि रेघ रुंद होते. अशा रेघेच्या दोन्ही कडा गडद आणि मधला भाग किंचित फिका दिसतो. हात जिथे थांबला तिथे शाईचा थेंब साचून गडद ठिपका होतो, हात उचलला तिथे रेघ केसासारखी बारीक होऊन संपते. पानांसाठी हात न उचलता वेटोळी काढलेली असतात, आणि प्रत्येक वेटोळ्यात रेघ जाड-बारीक होते. वॉश रेघेवरून गेला तिथेही थांबा. रेघ ओली असताना गेला असेल तर शाई पिसासारखी पसरलेली दिसेल, वाळल्यावर गेला असेल तर रेघ तशीच टोकदार. वॉश जिथे सुकला त्याच्या कडेला गडद किनार येते. आणि रेषांच्या खाली, विशेषतः पायऱ्यांच्या कडांना, खडूचे विस्कटलेले कण दिसले तर फारच उत्तम. चित्रकाराने आधी चाचपलं होतं याची ती खूण. नक्कल करणाऱ्याला चाचपावं लागत नाही, त्याला उत्तर आधीच माहीत असतं.

हे काहीच दिसलं नाही तर चित्र छापील असण्याची शक्यता आहे, आणि इथे भलेभले फसतात. अठराव्या शतकातच तपकिरी वॉशची हुबेहूब नक्कल छापण्याचं तंत्र आलं. जाँ-बातिस्त ले प्रँसने १७६८ च्या सुमारास ॲक्वाटिंट वापरात आणलं, आणि वर ज्याचं नाव आलं त्याच सें-नोंने फ्रागोनार आणि रोबेर यांच्या इटलीतल्या चित्रांवरून तपकिरी शाईत अशी पानं छापली. ती दोनशे-अडीचशे वर्षं जुनीच आहेत, सुंदरही आहेत, पण ती छापील पानं आहेत. भिंगाखाली ॲक्वाटिंटचा वॉश सलग नसतो. बारीक पांढऱ्या बेटांभोवती शाईची जाळी दिसते, आणि पान कापलेलं नसेल तर चारी बाजूंना तांब्याच्या पत्र्याच्या दाबाची खाच असते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून संग्रहालयातल्या चित्रांच्या कोलोटाइप प्रती निघाल्या. त्यांच्या वॉशमध्ये भिंगाखाली बारीक वळवळणाऱ्या सुरकुत्यांसारखा पोत दिसतो. आजच्या ऑफसेट छपाईचे ठिपके तर लगेच ओळखू येतात.

कागद उजेडासमोर धरा. हाताने, लाकडी चौकटीत बनवलेल्या जुन्या कागदात अगदी जवळजवळच्या बारीक रेषा आणि त्यांना छेदणाऱ्या, साधारण अडीच सेंटिमीटर अंतरावरच्या ठळक रेषा दिसतात. कागद बनवणाऱ्याची खूण, म्हणजे जलचिन्ह, हीही असेल, त्याचा फोटो मागून दिवा ठेवून काढा. रेषा अजिबात नसलेला एकसारखा कागद इंग्लंडमध्ये व्हॉटमनने १७५० च्या दशकात बनवला आणि तो युरोपात रुळायला वेळ लागला. १७६० चं रोम आणि सपाट, रेषाहीन कागद, हे जुळणं कठीण. उलट रेषा दिसल्या म्हणून लगेच हुरळून जाऊ नका. जुने कोरे कागद जपून ठेवणारे आणि त्यावर चित्रं काढून विकणारे लोकही होऊन गेले.

पाठीमागच्या ‘सेपिया’ या शब्दावर मी भर देणार नाही. माकूळ जातीच्या समुद्री जीवाच्या पिशवीतल्या शाईचा हा रंग चित्रांत पसरला तो मुख्यतः अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. ड्रेस्डेनच्या याकोब झायडलमानचं नाव त्या संदर्भात घेतलं जातं. १७६० च्या चित्राला सेपिया म्हणणं म्हणजे बहुतेक वेळा नंतरच्या मालकाने नुसत्या रंगावरून लावलेली चिठ्ठी. शाई खरोखर कोणती ते प्रयोगशाळेत कळतं. इन्फ्रारेड प्रकाशात मायफळाची शाई जवळजवळ अदृश्य होते, कार्बनची काळीच राहते. लोह मोकळं आहे का, हे बॅथोफेनॅन्थ्रोलिन नावाचं रसायन लावलेल्या कागदी पट्टीने कळतं. किंचित ओली पट्टी रेघेला टेकवायची, गुलाबी झाली तर लोह आहे.

हे लोह तुमच्या खऱ्या काळजीचं कारण आहे, ठिपके नव्हेत. मायफळाची शाई आम्लधर्मी असते आणि तिच्यातलं मोकळं लोह कागदाचा तंतू जाळत राहतं. चित्र उलटं करा. पुढच्या रेषा मागे तपकिरी उमटल्या आहेत का? रेषेभोवती पिवळट वलय आहे का? झाडांच्या गर्द भागात, जिथे रेषेवर रेष पडली आहे, तिथे केसाएवढी चीर गेली आहे का? एखादीही चीर दिसली तर ते चित्र वाकवू नका, गुंडाळू नका, कुरियरने तर मुळीच पाठवू नका. या शाईचा सर्वात मोठा शत्रू दमटपणा. ओल मिळाली की लोह आणि आम्ल रेषेतून बाहेर सरकतात आणि आजूबाजूचा धड कागदही खायला लागतात.

म्हणूनच ठिपक्यांबद्दल माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही : राहू द्या. ते बुरशीचे असतात किंवा कागदातल्या लोहकणांचे, पुष्कळदा दोन्हींचे. ते घालवायचे तर पाणी आणि ब्लीच लागतं. पाण्याने लोह सरकेल, खडू पुसला जाईल, वॉश धुऊन निघेल. ब्लीचने ठिपका जाईल आणि सोबत तो नाजूक करडा वॉशही, ज्याच्यामुळे मागची झाडं दूर दिसतात. ओल्या उपचारांचे मार्ग आहेत. कॅल्शियम फायटेट आणि नंतर कॅल्शियम बायकार्बोनेट यांच्या द्रावणात कागद बुडवून लोह बांधून टाकतात. लिहिलेल्या कागदांवर त्याचा चांगला उपयोग होतो. वॉश आणि खडू असलेल्या बागेच्या चित्रावर तो क्वचितच करावा. काळवंडलेलं शिशाचं पांढरं मात्र हायड्रोजन पेरॉक्साइडच्या अगदी मोजक्या वापराने परत उजळवता येतं. ते काम फक्त प्रशिक्षित संवर्धकाने, सूक्ष्मदर्शकाखाली, एकेका रेघेवर करायचं असतं. सोशल मीडियावरचे ‘पावाच्या गराने घासा’, ‘उन्हात ठेवा’ असले उपाय करणाऱ्यांना माझी हात जोडून विनंती आहे, करू नका.

तुमच्या हातात असलेलं काम वेगळं आहे आणि तेच सर्वात मोलाचं आहे. चित्र भिंतीवरून उतरवा, विशेषतः भिंत बाहेरची किंवा न्हाणीघराची असेल तर. पावसाळ्यात मुंबईची आर्द्रता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते आणि या कागदाला पन्नासच्या आसपास, आणि मुख्य म्हणजे स्थिर, हवा लागते. रात्री एसी आणि दिवसा बंद, हा चढउतार सतत दमट राहण्याइतकाच वाईट. आम्लरहित पुठ्ठ्याच्या दोन पानांत, वर आम्लरहित पातळ कागद घालून, चित्र आडवं ठेवा. ती घडी घट्ट झाकणाच्या पेटीत, पेटीत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारी छोटी पट्टी. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरा. पेटी लोखंडी कपाटात, जमिनीपासून वर. डांबराच्या गोळ्या नकोत. कसर शोधायची असेल तर दर महिन्याला पेटी उघडून पाहणं हाच उपाय, शिवाय हवाही बदलते.

दर्शनी लावायचंच असेल तर वर्षातून काही आठवडे लावा आणि मग विश्रांती द्या. संग्रहालयं अशा चित्रांवर पन्नास लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड पडू देत नाहीत. तुमच्या दिवाणखान्यात खिडकीजवळ दिवसा याच्या कित्येक पट उजेड असतो. काच आणि कागद यांच्यात अंतर हवं, त्यासाठी माउंट जाड हवा. बाकीच्या दिवसांसाठी चांगला डिजिटल प्रिंट चौकटीत घाला.

जुना माउंट बदलला तरी टाकू नका. पिएर-जाँ मारिएतसारखे पॅरिसचे संग्राहक आपल्या चित्रांना खास निळे माउंट आणि सोनेरी रेघा लावून घेत, त्यावरून चित्र कुणाच्या हातातून गेलं ते कळतं. कोपऱ्यात एखादा बारीक शिक्का असेल तर तोही पाहा. संग्राहकांच्या शिक्क्यांची सूची फ्रिट्स लुग्टने १९२१ मध्ये प्रसिद्ध केली आणि ती आता इंटरनेटवर शोधता येते. पेन्सिलीतला तो ‘रोम, १७६०’ खोडू नका, चूक असला तरी तो चित्राच्या इतिहासाचा भाग आहे.

कायद्याचंही सांगते, कारण विकायचा विचार पुढेमागे येईल. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी कलाकृती पुरावशेष ठरते आणि ती कुणाही खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या लिलावगृहाला फोटो पाठवून मत विचारायला हरकत नाही, मूळ चित्र मात्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी केल्याशिवाय हलवू नका.

संवर्धकाकडे जायचं तर मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं संवर्धन केंद्र आहे, तिथे आधी चौकशी करा. जाण्यापूर्वी तीन फोटो काढा : समोरून साध्या उजेडात, मागून दिवा लावून, आणि एका बाजूने तिरका उजेड टाकून, म्हणजे चिरा आणि फुगे दिसतील. पाठीचा फोटो वेगळा. सोबत मोजपट्टी ठेवा. चित्र घरात कुणाकडून, कधी आलं, मध्ये कुठे टांगलेलं होतं, हे आठवेल तेवढं एका कागदावर लिहून न्या. आणि तोवर सुटलेल्या कोपऱ्याला सेलोटेप किंवा गोंद लावू नका. तो कोपरा आम्ही पातळ जपानी कागद आणि जिलेटिनने बसवू. खळीपेक्षा जिलेटिनला पाणी कमी लागतं आणि शाईतलं लोहही ते धरून ठेवतं.